शौलाने राखलेली मेंढरं: अर्धवट आज्ञापालनाबद्दल

देवाची आज्ञा मोडणारा विश्वासणारा सहसा देवाकडे पाठ फिरवून निघून जात नाही. तो उपासनेला येतो, अर्पण देतो, प्रार्थना करतो, आणि आज्ञेचा एखादाच भाग सोयीने बाजूला ठेवतो. उघड बंड कोणालाही दिसतं. हा बाजूला ठेवलेला भाग मात्र स्वतःलाही दिसत नाही, कारण बाकीचं सगळं खरोखरच पाळलेलं असतं. शास्त्रात याचं सर्वांत बारकाईने केलेलं चित्रण १ शमुवेल १५ मध्ये आहे.

अमालेकी या शत्रू लोकांचं जे काही आहे, माणसं असोत की जनावरं, त्यातलं काहीही जिवंत राखू नकोस, अशी इस्राएलाचा राजा शौल याला शमुवेल संदेष्ट्याकडून देवाची आज्ञा होती. त्याने लढाई जिंकली, पण त्यांच्या अगाग राजाला जिवंत धरलं आणि उत्तम मेंढरं, गुरं, पुष्ट पशू राखले. जे टाकाऊ होतं तेवढ्याचा नाश केला. मग कर्मेलात जाऊन स्वतःचं स्मारक उभारलं. इकडे शमुवेल रात्रभर परमेश्वराचा धावा करत होता, आणि सकाळी भेटल्यावर शौलाचं पहिलं वाक्य काय, तर मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे! मागे मेंढरं ओरडत होती.

हा अध्याय वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. ती आज्ञा एका विशिष्ट राजाला, एका विशिष्ट वेळी दिलेली होती. ख्रिस्ती माणसाला प्रभू येशूने शत्रूवर प्रीती करायला सांगितलं आहे (मत्तय ५:४४), आणि या अध्यायावरून कोणी आज कोणावर हात उगारू पाहत असेल तर तो शास्त्राचा विपर्यास आहे. पण शौलाने दयेपोटी कोणाला वाचवलं, असंही म्हणता येत नाही. दुबळ्यांना त्याने सोडलं नाही. वाचला तो राजा, आणि वाचली ती किमती जनावरं.

त्याची उत्तरं ओळीने पाहा. आधी पूर्ण आज्ञापालनाचा दावा (वचन १३). मेंढरांचा विषय निघताच ती 'लोकांनी' राखली, नाश मात्र 'आम्ही' केला, आणि राखली तीसुद्धा 'तुझा देव परमेश्वर' याला यज्ञ करण्यासाठी (१५). वास्तविक नवव्या वचनात शौल आणि लोक दोघांचाही उल्लेख आहे. शमुवेल मागे हटत नाही म्हटल्यावर तोच दावा पुन्हा (२०). यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे वचन २२ ऐकल्यावर कबुली येते, पण सोबत कारण चिकटलेलं, की मी लोकांना भ्यालो (२४). आणि शेवटी मनातलं खरं बाहेर पडतं: वडील जनांसमोर माझा मान राख (३०). दोष दुसऱ्यावर, त्यावर धार्मिक हेतूची झूल, मग कारणासह कबुली, मग अब्रूची काळजी. आपली कबुली यातल्या कुठल्या पायरीवर अडते ते प्रामाणिकपणे तपासावं. बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोबाबत पाप केलेल्या दावीद राजाची कबुली शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो: 'मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे' (२ शमुवेल १२:१३). त्यात ना बथशेबेचं नाव, ना परिस्थितीचं.

ही तपासणी कागदावर करणं चांगलं. मनातल्या मनात केली की ती फार लवकर संपते. एकच आज्ञा घ्या, दहा नकोत. काय करायचं, कोणाच्या बाबतीत, केव्हा आणि कशा रीतीने, हे वेगवेगळं लिहा. समोर प्रत्यक्षात काय केलं ते लिहा. क्षमा करण्याची आज्ञा घेतली, तर 'सगळ्यांना क्षमा केली' असं लिहून चालणार नाही, नाव लिहावं लागेल. जिथे नाव लिहिताना हात थांबतो, तिथेच राखलेलं मेंढरू असतं.

तूट बहुधा दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे बदली. आज्ञा एक असते, आपण दुसरंच चांगलं काम करून तिची भरपाई करू पाहतो. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने यासाठीच खडसावलं (मार्क ७:९-१३). एखाद्याशी बोलायचं टाळून त्याच्यासाठी उपवास करणं हाही तोच प्रकार. उपवास चांगलाच, पण जे मागितलं ते तो नव्हे.

दुसरं म्हणजे उशीर. गणना १३-१४ मध्ये देवाने देऊ केलेल्या कनान देशाची हेरगिरी करून आलेल्या १२ जणांपैकी १० जणांनी लोकांचा धीर खचवला आणि इस्राएल लोक त्या देशात शिरायला तयार होईनात. देवाचा निर्णय आला: हेरगिरीच्या ४० दिवसांबद्दल ४० वर्षं अरण्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तेच लोक म्हणाले, आमचं चुकलं, आता जातो. मोशेने अडवलं तरी गेले. कराराचा कोश आणि मोशे छावणीतच राहिले, आणि गेलेल्यांना शत्रूचा मार खात हर्मापर्यंत मागे यावं लागलं. कारण आदल्या दिवशी त्यांना अरण्याकडे वळायला सांगितलं होतं. कालची आज्ञा आज पाळणं हा त्यांचा नवा आज्ञाभंग ठरला. म्हणून उशीर झाला असेल तर घाईने जुनं काम उरकायला धावू नये. आता काय मागितलं आहे, हे आधी विचारावं. मोडलेलं नातं पूर्वीसारखं जोडणं कदाचित आता शक्य नसेल, पण खरं बोलणं आणि घेतलेलं परत करणं बहुतेक वेळा शक्य असतं.

परत करण्याबद्दल शास्त्र फार नेमकं बोलतं, आणि आपण तेच सर्वांत कमी शिकवतो. लेवीय ६:१-७ प्रमाणे फसवून किंवा लुबाडून घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि त्यात पाचवा भाग घालायचा, म्हणजे १०० घेतले असतील तर १२०. ते मालकाला द्यायचं, आणि देवापुढे दोषार्पण, म्हणजे दोषाबद्दलचं अर्पणही आणायचं. मालक हयात नसेल आणि जवळचा नातेवाईकही नसेल तर काय, तेही गणना ५:८ मध्ये सांगितलं आहे: ते परमेश्वराचं, म्हणून याजकाला द्यायचं. मत्तय ५:२३-२४ मधला क्रम हाच: अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी भावाशी समेट कर. जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केलं (लूक १९:८).

इथे गडबड होते ती बोलण्यात. 'तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर' ही कबुली नाही, त्यात दोष ऐकणाऱ्याच्या मनावर जातो. काय केलं ते एका वाक्यात सांगावं, कारण जोडू नये, परत काय आणि कधी देणार ते सांगावं, आणि क्षमा मागावी पण वसूल करू नये. समोरच्याला वेळ लागू शकतो. आपल्या भेटीनेच त्याला पुन्हा इजा होणार असेल, तर आधी जाणत्या, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाचा सल्ला घ्यावा.

हे सारं देवाची मर्जी विकत घेण्यासाठी नाही. दहा आज्ञा सुरू होण्याआधी निर्गम २०:२ येतं: मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणलं. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या.

आणखी एक धोका आहे, आणि तो मंडळीतच वाढतो: माणसाचा शब्द देवाचा म्हणून पाळणं. १ राजे १३ मधल्या यहूदाच्या देवमाणसाला बेथेल येथे काही खाऊपिऊ नकोस, आल्या वाटेने परतू नकोस, असं सांगितलं होतं. यराबाम राजाचं आमंत्रण त्याने नाकारलं. पण एका म्हाताऱ्या संदेष्ट्याने 'देवदूताने मला सांगितलं' असं खोटं म्हणताच तो जेवायला गेला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. राजापुढे तो टिकला, आपल्यासारख्याच धार्मिक माणसापुढे घसरला. पौल तर आपलं मत आणि प्रभूची आज्ञा वेगवेगळी सांगतो (१ करिंथ ७:१०, १२, २५). जो पाळक किंवा पुढारी हा फरक करत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवतो, त्याचं ऐकण्याची सक्ती देवाने कोणावर केलेली नाही. अन्याय लपवायला सांगणाऱ्यांसाठी प्रेषितांची कृत्ये ५:२९ पुरेसं आहे: माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे.

प्रश्न विचारणं म्हणजे आज्ञाभंग नव्हे. इस्राएलाला मिसरातून बाहेर आणायला देव पाठवत होता, तेव्हा जळत्या झुडपापाशी मोशेने एकामागून एक अडचणी काढल्या: मी कोण, तुझं नाव काय सांगू, ते विश्वास ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही. या चारही अडचणींना देवाने उत्तर दिलं. 'दुसऱ्या कोणालाही पाठव' म्हटल्यावर त्याचा राग भडकला, आणि तेव्हाही त्याने सोबतीला अहरोन दिला (निर्गम ४:१३-१६). गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. तेव्हा एखादी आज्ञा जड जात असेल तर ती जड जाते असं देवाला सांगावं, अगदी त्याच शब्दांत, आणि सांगून झाल्यावर त्या कागदावरच्या नावाकडे परत यावं.