श्वास आणि कट

बरीच वर्षे ध्वनिमुद्रणांत आणि वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवल्यानंतर मी माहितीपटांकडे वळलो आणि त्याच ओघात चित्रपट-संकलन शिकवूही लागलो. संगीतकाराला लय कळते, तेव्हा संकलन त्याच्या हातचा मळ असणार, असे लोक गृहीत धरतात. त्यात तथ्य आहे. मात्र ठोक्याला सरावलेला कान संकलनात जितका उपयोगी पडतो तितकाच आडवाही येतो, हे वर्गात एके दिवशी लख्ख दिसले.

एका विद्यार्थिनीने वाद्ये दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराची मुलाखत संकलित करून आणली होती. तिच्या पार्श्वसंगीताची गती मिनिटाला १२० ठोक्यांची आणि चित्र सेकंदाला २४ फ्रेमचे, म्हणजे दर १२ फ्रेमला एक ठोका, आणि तिचा प्रत्येक कट, म्हणजे एका चित्रावरून दुसऱ्यावर जाण्याची जागा, नेमका ठोक्यावर. सुरुवातीला ते चटपटीत वाटले. पुढे मात्र कट कधी येणार हे डोळ्यांना आधीच कळू लागले आणि कारागिराच्या बोलण्यावर लक्ष ठरेना.

मी संगीताचा ट्रॅक बंद करायला सांगितला. मग जे ऐकू आले त्याने सगळेच चपापले. बोलण्यातले विराम छाटलेले होते, वाक्ये एकमेकांना चिकटली होती, आणि सांध्यांपाशी खोलीची बारीक घरघर तुटून आवाजात भोके पडत होती. शांत खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, म्हणूनच चित्रीकरणाच्या वेळी सर्वांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट ‘रूम टोन’ मुद्रित करून ठेवतात. तिने तोही घेतला होता, फक्त वापरला नव्हता. (नवशिक्यांचा रूम टोन बहुधा हार्ड डिस्कमध्येच पडून राहतो.)

आम्ही मूळ चित्रीकरण उघडले. हे काम तुमच्यानंतर कोण करणार, या प्रश्नावर कारागीर सुमारे चार सेकंद गप्प होता. त्याचा अंगठा व्हायोलिनच्या तारा पेलणाऱ्या घोडीच्या कडेवरून फिरत होता, मग त्याने श्वास घेतला आणि म्हणाला, “कोणी नाही.”

“सर, मधे काहीच घडत नाही, म्हणून काढलं,” ती म्हणाली.

संचालकाविना वाजवणाऱ्या छोट्या वादकसमूहात पहिला व्हायोलिनवादक सुरुवातीआधी श्वास घेतो, आणि त्या श्वासाच्या लांबीवरून व जोरावरून बाकीच्यांना गती कळते. ती सवय अंगात मुरलेली असल्यामुळे माझ्या कानाला त्या चार सेकंदांत सर्वांत मोठी घटना तो श्वासच वाटत होता. मी तिला हेडफोन दिले, विराम अखंड ठेवायला सांगितला आणि श्वास पूर्ण झाल्यावर हातांच्या चित्रावर कट घ्यायला सुचवले.

तिने विराम ठेवला, पण कट मी सांगितल्यापेक्षा ६ फ्रेम, म्हणजे पाव सेकंद, आधी घेतला. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या. माझ्या कटात श्वास चेहऱ्यावरच संपत होता आणि उत्तराची जणू वर्दी मिळत होती. तिच्या कटात तोच श्वास हातांवर ओघळत जाई आणि “कोणी नाही” हे शब्द त्या फिरत्या अंगठ्यावर ऐकू येत. तिचा कट सरस होता, आणि यावर वर्गात दुमत झाले नाही.

उरलेला वेळ सांध्यांखाली रूम टोन भरण्यात गेला. संगीताचा ट्रॅक तिने पुसला नाही. उचलून शेवटच्या श्रेयनामावलीखाली नेऊन ठेवला.