आमची वाटचाल: बॅकअप टेपची ने-आण आणि जपणूक

कार्यालयांचे जुने दप्तर गोदामात सांभाळणे हा आमचा मूळ व्यवसाय. फायलींच्या खोक्यांबरोबर ग्राहक संगणकाच्या बॅकअप टेपही, म्हणजे माहितीची राखीव प्रत साठवलेल्या चुंबकीय फितीही, ठेवायला देऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र गाडी हवी असे आम्ही ठरवले, कारण कागद जी धूळ आणि दमटपणा वर्षानुवर्षे सोसतो, ती टेपला सोसत नाही. दीर्घकाळ ठेवायच्या टेपला साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. शिवाय कार्ट्रिज, म्हणजे टेप गुंडाळलेली बंद डबी, आडवी न रचता पुस्तकासारखी उभी ठेवावी लागते.

आग लागली तर काय, हा प्रश्न पहिल्याच मोठ्या ग्राहकाने विचारला आणि तो रास्त होता. कागदपत्रांसाठीची अग्निरोधक तिजोरी आतले तापमान सुमारे १७७ अंशांच्या खाली राखते, तेवढ्यात कागद जळत नाही. टेपचे मात्र त्याच्या बऱ्याच आधी नुकसान होते आणि तापलेल्या भिंतींतून सुटणारी वाफही तिला बाधते. म्हणून आतले तापमान ५२ अंशांच्या आत ठेवणाऱ्या खास तिजोऱ्या आम्ही घेतल्या. त्या महाग आणि अवजड असतात, तरीही या एका खर्चात आम्ही काटकसर केली नाही.

२००० साली एलटीओ या बॅकअप टेपच्या प्रचलित प्रकाराची पहिली पिढी आली, तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट माहिती मावत असे. २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट मावते. आकार तोच, तळहाताएवढा. आत एक किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची अर्धा इंची टेप. खोकी वाढली नाहीत, पण त्यांतला ऐवज १८० पट झाला, आणि आमच्या कामाची शिस्त या एका गोष्टीमुळे बदलली. पूर्वी पावतीवर खोक्यांची संख्या लिहीत असू, आता प्रत्येक कार्ट्रिजचा बारकोड देताना आणि घेताना दोन्ही बाजूंनी ताडून पाहिला जातो. खोक्यावर ग्राहकाचे नाव नसते, फक्त क्रमांक आणि सील.

ग्राहकाकडून परत आलेली कार्ट्रिज कपाटात जाण्याआधी आमचे कर्मचारी तिची कोपऱ्यातली छोटी झडप बोटाने मागे सारतात आणि टेपच्या टोकाची धातूची पिन आपल्या खाचांत नीट बसली आहे की नाही हे पाहतात. कार्ट्रिज हातातून पडली असेल तर ही पिन निसटते किंवा तिरपी होते, आणि अशी टेप घातल्यास ड्राइव्ह, म्हणजे टेप वाचणारे यंत्रही, अडकते. टेपला बोट लावायचे नाही, हे सांगण्याची गरज आता कोणाला उरलेली नाही. उन्हातून किंवा थंडीतून आलेली टेप वापरण्यापूर्वी २४ तास खोलीच्या हवेत रुळू देतो. घाईत असलेल्या ग्राहकाला हे रुचत नाही, पण आमचा नाइलाज असतो.

टेपवरील माहिती सांकेतिक करून ठेवा, असा आग्रह आम्ही धरतो. एलटीओच्या चौथ्या पिढीपासून ती सोय ड्राइव्हमध्येच आहे. मात्र त्या माहितीची किल्ली, म्हणजे ती उलगडणारा संकेत, आम्ही ठेवून घेत नाही. ‘टेप तुमच्याकडेच आहे, किल्लीही ठेवा’ असे म्हणणारे ग्राहक भेटतात. त्यांना नकार देताना संकोच वाटत नाही.

अलीकडे खंडणीसाठी संगणक ओलीस धरणाऱ्या हल्ल्यांमुळे नेटवर्कपासून तुटलेल्या टेपची मागणी वाढली. जुन्या टेपचा प्रश्न वेगळाच आहे. आठव्या पिढीचा ड्राइव्ह सातव्या आणि आठव्याच पिढीच्या टेप वाचतो, त्याआधीच्या नाही, त्यामुळे टेप ठेवून घेतानाच ती वाचणारा ड्राइव्ह कोणाकडे आहे, हे आम्ही लिहून घेतो. मुदत संपलेल्या टेप ग्राहकाच्या लेखी परवानगीनेच नष्ट होतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रातून गेलेल्या एलटीओ टेपवर कारखान्यात कोरलेल्या मार्गदर्शक खुणाही पुसल्या जातात आणि ती पुन्हा वापरता येत नाही, म्हणून त्या परवानगीवर दोन जबाबदार व्यक्तींच्या सह्या असल्याशिवाय टेप यंत्रापर्यंत नेली जात नाही.