दगडाबरोबर आलेली मंडळी

"घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा बेळगावात, तुमच्या टाकीत न आणलेली जनावरं येतात कुठून? आणि दिसली की करायचं काय?" आमच्या भागात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे थोडेच, त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

येतात टाकीत रचलेल्या दगडातून. असे दगड मुळात प्रवाळाचे. पण आपल्या समुद्रातलं प्रवाळ उचलणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून माझे दगड कृत्रिम. तरी ते दुकानदाराच्या टाकीत वर्षभर मुरलेले. त्यांच्या भोकाभोकांत काय काय घर करून बसतं! ओल्या कागदात गुंडाळून आणले तरी त्यातलं बरंचसं जिवंत पोचतं.

पहिल्याच महिन्यात मध्यरात्री बॅटरी मारली, तर दगडाखालून केसाळ, गुलाबी गोम सरकताना दिसली. बायको म्हणाली, "अवो, पोरं हात घालत्यात टाकीत!" मी चिमट्याने दहाबारा काढून फेकल्या. एक बोटाला लागली. काचेसारखे बारीक केस चिकटपट्टी लावून उपटावे लागले. मागाहून कळलं, हे ब्रिसल वर्म. उरलेलं खाणं, मेलेला मासा खाऊन वाळू साफ ठेवणारे. ते वाढले तर दोष त्यांचा नाही, आपण खाणं जास्त टाकतोय.

त्याच दिवसांत कोपऱ्यात ताडाच्या झाडासारखं एक तपकिरी, पारदर्शक फूल उगवलं होतं. त्याचे फोटो मी पैपाहुण्यांना पाठवले. ते निघालं आयप्टेशिया, दंश करून शेजारच्या प्रवाळांना मागे हटवणारं समुद्रफूल. म्हणजे झाडूवाल्यांना हाकललं आणि गुंडाला पाट मांडला.

मग सुरीने खरवडलं. ही दुसरी चूक. तळाचा कण राहिला तरी त्यातून नवं उभं राहतं. पंधरवड्यात एकाची सात झाली.

उपाय सापडला आजीच्या चंचीत: चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइड ते हेच. मात्र साधा घ्यायचा, रंग-वासाचा नको. पाण्यात दाट कालवून सिरिंजमध्ये भरायचा, पंप बंद करायचा आणि फूल आक्रसायच्या आत तोंडावर हळूच सोडायचा. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो आणि मासे कासावीस होतात. पंधरा-वीस मिनिटांनी पंप चालू. अजूनही अधूनमधून एखादं डोकं वर काढतं, त्यामुळे डबी टाकीशेजारीच असते.

रात्री टक्-टक् ऐकू येऊ लागलं, तेव्हा हीटर बिघडला समजून मी तो बदलूनही टाकला! आवाज नांगी वाजवणाऱ्या इवल्या कोळंबीचा होता. ती राहिली. म्हणून आता नवं काही जाणवलं की आधी दोन रात्री लाल उजेडात नुसतं बघतो. यातल्या बऱ्याच जनावरांना लाल उजेड कळत नाही.

खेकड्याची मात्र गय केली नाही. तो गोगलगायी फोडत होता. काचेच्या ग्लासात कोळंबीचा तुकडा ठेवून ग्लास दगडाला तिरका टेकवला. उतरला आत, गुळगुळीत काचेवरून वर येता येईना. मुलगा म्हणाला, चोर्ला घाटातून गोव्याला जाऊ तेव्हा समुद्रात सोडू. नको म्हटलं. त्याचं मूळ गाव कुठलं आणि त्याच्याबरोबर कुठला रोग जाईल, कुणास ठाऊक.

सध्या तो खेकडा खालच्या छोट्या टाकीत एकटाच असतो. शेजारच्या आक्का येता-जाता त्याच्याकडे बघून विचारतात, "कालवण कधी करतासा?"