वॅगन आरचा अँप: पॉवर पोचली, पण खरी मेहनत अर्थिंगची

दारांतले स्पीकर बसून गेले, आता अँपला, म्हणजे स्टीरिओचा आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरला, पॉवर. अँप छोटाच आहे: क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार), चार चॅनल, चार ओहमच्या स्पीकरला प्रत्येकी 50 वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॉट. डब्यावर ठळक छापलेले ‘मॅक्स’ वॉट मी हिशेबात धरत नाही, जत्रेतल्या फेरीवाल्याच्या बोलण्याइतकेच ते खरे. एकूण 200 वॉट, कार्यक्षमता 80 टक्के धरली तर आत 250 वॉट जायला हवेत. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट, म्हणजे 18 अँपिअरच्या आसपास. हाच अँप जास्त वीज खाणाऱ्या क्लास एबी प्रकारातला असता तर 25च्या वर गेला असता.

तारेसाठी फोंड्याच्या बाजारात तयार किट हातात घेतलं. टोकाची एक बारीक तार ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी. तांबं फक्त वरून, आत ॲल्युमिनियम! ते तांब्याच्या दोनतृतीयांशच वीज वाहतं, आणि आपल्या दमट हवेत त्याचे क्रिंप (दाबून बसवलेले जोड) लवकर खराब होतात. किट परत ठेवलं आणि शुद्ध तांब्याची, बारीक तारांची 10 चौरस मिमी केबल घेतली. बॅटरीपासून अँपपर्यंत चार मीटर, 18 अँपिअरला साधारण 0.12 व्होल्टच घट. 4 चौरस मिमीवर तीच 0.3च्या वर गेली असती.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर 30 अँपिअरचा फ्यूज. गॅरेजवाल्या मेस्त्रीचं म्हणणं होतं की पावसाचं पाणी नको लागायला, फ्यूज आत डॅशबोर्डखाली घे. पण हा फ्यूज तारेसाठी आहे, अँपला स्वतःचा वेगळा असतोच. बोनेटखाली तार कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतणार आणि डॅशबोर्डखालचा फ्यूज नुसता बघत बसणार. म्हणून बाहेरच, झाकणाच्या वॉटरप्रूफ होल्डरमध्ये. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) गाडीच्या मूळ वायरिंगसाठी असलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच तार आत घेतली आणि बाहेरच्या बाजूला तिला थोडा झोळ सोडला, म्हणजे पाणी तारेवरून आत न येता खालीच टपकेल.

आता अर्थिंग, म्हणजे अँपची काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडणं; करंट त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परत जातो. लोक पॉवरच्या तारेवर पैसे ओततात आणि काळी तार सीटच्या बोल्टला रंगावरूनच आवळून मोकळे होतात. जेवढा करंट लाल तारेतून येतो तेवढाच काळ्या तारेतून परत जातो, मग तिला सावत्र वागणूक का? सीट आणि बेल्टचे बोल्ट मी सोडतच नाही, ते जिवाशी संबंधित. फ्लोअरवर जागा शोधली, गाडीखाली वाकून ब्रेक आणि पेट्रोलच्या पाइपा तिथून जात नाहीत ना ते पाहिलं, मगच ड्रिल. काळी तारही 10चीच, हातभरसुद्धा नाही. नोंदीसाठी आधी रंगावरूनच आवळून मोजलं: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी अँपच्या ग्राउंडला, गाणं जोरात. 0.4 व्होल्ट. मग सँडपेपरनं रुपयाएवढी जागा चकचकीत केली, रिंग टर्मिनलखाली दातेरी वॉशर घातला. 0.04! सगळं घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन आणि रंग. हा क्रम उलटा करायचा नाही. आणि उघडा पत्रा पावसाळ्यात ठेवायचा नाही, लगेच तांबूस पडतो. मोरजी-हरमलच्या किनाऱ्याकडच्यांना तर खाऱ्या वाऱ्यामुळे दर मोसमाला हा बोल्ट उघडून पाहावा लागेल. बॅटरीच्या टर्मिनलांवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्यानं धुऊन काढली, तेही या कामात धरा.

अँप ड्रायव्हर सीटखाली, मरीन प्लायच्या तुकड्यावर उचलून. डाव्या बाजूला नको, एसीचा ड्रेन तुंबला की पाणी तिकडच्याच कार्पेटवर येतं. पॉवरची तार उजव्या उंबरठ्याखालून, स्टीरिओचा सिग्नल अँपला नेणारी आरसीए केबल गाडीच्या मध्यभागातून. रिमोट, म्हणजे स्टीरिओबरोबर अँप चालू करणारी तार, स्टीरिओच्या निळ्या-पांढऱ्या तारेवर. नुसती निळी अँटेनाची असते, काही स्टीरिओंत ती रेडिओ लावल्यावरच जागी होते.

हेडलाइट, एसी, वायपर सगळं चालू करून इंजिन रेस केलं. स्पीकरमधून इंजिनाबरोबर चढणारी शीळ नाही. अभिषेकीबुवांची एक जुनी बैठक लावली, डग्ग्याची घुमक दारातून स्वच्छ येतेय.

गेन, म्हणजे अँपनं सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी, मात्र अजून तळालाच आहे. 50 वॉट म्हणजे चार ओहमवर 14.1 व्होल्ट. स्पीकर सोडवून, टेस्ट टोन लावून मल्टिमीटरवर तेवढे येईपर्यंत चढवणार. तुमच्यापैकी कुणी लाटेचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून हेच पाहिलं असेल तर क्लिपिंग (लाटेचा माथा छाटला जाऊन आवाज फाटणं) त्याआधी सुरू झालं का, ते कळवा.