सॉफ्टनरचं जुनं रेझिन घेणार कोण? माझा अनुभव

मोशीतल्या आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी भयंकर जड. पिण्याच्या पाण्याच्या मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आमचा रिपोर्ट त्याच्याही वर. म्हणून सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, बसवलेला. त्यातले रेझिनचे मणी पाण्यातला हार्डनेस धरून ठेवतात. मिठाच्या पाण्याने धुऊन कितीही रिजनरेट केला, म्हणजे पुन्हा ताजा केला, तरी गीझरचे कॉइल जायला लागले, तेव्हा कमिटीने रेझिन बदलायचं ठरवलं. कोटेशन, मंजुरी, नवा माल भरणं, सगळं सुरळीत झालं. जुनं ३०० लिटर रेझिन मात्र गोण्यांत भरून पंपरूमच्या दाराशी राहिलं. मोहरीएवढे तांबूस, ओले मणी.

घंटागाडीवरच्या ताईंनी गोणी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "दादा, हे ओल्यात पण नाही, सुक्यात पण नाही." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून मी कचऱ्याच्या कार्यालयात गेलो. तिथे उत्तर मिळालं, "हा घातक कचरा, आमच्याकडे नाही." घातक कचऱ्याच्या कार्यालयात गेलो तर अर्जात कारखान्याचं नाव आणि प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्राचा नंबर हवा. सोसायटीला कुठला आलाय संमतिपत्राचा नंबर? अर्ज खिडकीतूनच परत.

मग मी घरी बसून २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम वाचले. पहिल्या अनुसूचीत ३५.२ क्रमांकावर रेझिन आहे, पण ते 'विषारी धातू असलेलं' वापरलेलं रेझिन. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, कारखान्यातल्या रेझिनमध्ये क्रोमियम, निकेल अडकलेलं असतं. आमच्यात अडकतं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे बादलीवर जो पांढरा थर बसतो तेच. हे पान छापून, त्या ओळीखाली रेघ मारून मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "रेझिन म्हणजे रेझिन," एवढंच. बरं, घातक आहे तर घेऊन जाण्याचा रस्ता सांगा, नाही तर घातक नाही असं लेखी द्या, असं म्हटलं, दोन्ही नाही. आवक शिक्का मारून दिलेल्या अर्जाला आजपर्यंत उत्तर नाही. मला अजून राग येतो तो याचाच. नियम पाळायला निघालेल्या माणसाला असं टोलवत राहिलं की बाकीचे लोक गोण्या रात्री नाल्यात रिकाम्या करणारच.

तसं करू नका, कृपा करून. हे मणी म्हणजे प्लॅस्टिकच आहे, पॉलिस्टायरिन. ड्रेनेजमध्ये गेले की एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) पंपात अडकतात, नाही तर थेट नदीत. आमचा वॉचमन म्हणाला जाळून टाकू. त्यातल्या गंधकामुळे सल्फर डायऑक्साइडचा धूर निघतो. बागेत टाकायचं म्हणाल तर मिठात मुरलेला माल झाडांना नको.

सुटका झाली ती नवं रेझिन देणाऱ्या माणसाकडून. तो कारखान्यांचे डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढणारे प्लांट) सांभाळतो आणि तिथलं जुनं रेझिन रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राला पाठवतो. आमचा माल त्याच गाडीत घ्यायला तो तयार झाला, पण बोअरच्या पाण्याचा धातूंचा लॅब रिपोर्ट हवा आणि गोण्यांतून पाणी गळायला नको, या अटींवर. गोण्या जाळीवर ठेवून निथळल्या, वजनही बरंच उतरलं. वाहतुकीचे पैसे सोसायटीने दिले. गोण्या केंद्रावर पोचल्याची फॉर्म १० ची (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्राची) प्रत हातात आली तेव्हा मला खरंच अभिमान वाटला. ती सोसायटीच्या फाइलमध्ये लावली आहे.

म्हणून नवं रेझिन मागवतानाच ऑर्डरमध्ये लिहून घ्या: जुना माल पुरवठादार नेईल आणि पोच देईल. माल भरून, बिल चुकतं झाल्यावर कोणी फोन उचलत नाही.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. गोण्या भरताना खाली ताडपत्री अंथरा. मणी फरशीवर सांडले की पाय सटकतोच. आमचा प्लंबर थोडक्यात वाचला. सांडलेले मणी पाण्याने ढकलू नका, ते सरळ जाळीतून गटारात जातात. कोरड्या झाडूने गोळा करून परत गोणीत भरा.