पोट गप्प असलं तरी क्रोन्स जागा असतो

वाढत्या वयात वर्षभर एकच पॅन्ट पुरली, तर कपड्यांचा खर्च वाचला म्हणून खूश होऊ नये. क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणाऱ्या जुनाट आजारात, काही मुलांची उंची पोट बिघडायच्याही आधी थांबते. भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि आतड्याची सूज हाडांच्या वाढीलाही अडवते. ऐन वाढीच्या वर्षात मुलगे आठ-दहा सेंटिमीटर वाढतात. तिथे दोनच भरले, तर ‘त्याचा बाबाही उशिराच वाढला’ या आजीच्या बोलण्यावर विषय मिटवू नका. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी उभं राहून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची आणि डॉक्टरांकडे जाताना त्या रेघांचा फोटो न्यायचा.

उंचीचं आधी सांगितलं, कारण या आजारात पोटाची साक्ष फारशी भरवशाची नसते. दुखणं थांबलं, जुलाब थांबले की गोळ्या नकोशा होतात. आत जखमा मात्र तशाच असू शकतात. त्या धुमसत राहिल्या तर पुढे तिथेच आतडं आक्रसतं, नाहीतर भगंदर होतं, म्हणजे आतड्यातून नको तिथे वाट फुटते. मग आत काय चाललंय हे कळणार कसं? दर वेळी कोलोनोस्कोपी (नळीतून कॅमेरा घालून आतडं पाहणं) करता येत नाही, म्हणून शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी करतात. आतड्याला सूज आली की तिथे पांढऱ्या पेशी जमतात, त्यांच्यातलं हे प्रथिन. ग्रॅममागे ५०च्या आत मायक्रोग्रॅम असलं तर ठीक, २५०च्या वर गेलं तर सूज चालू असल्याचा संशय घ्यायचा. मधल्या आकड्यावर घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

नमुना घेताना मुलं लाजतात आणि गडबड तिथेच होते. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, शौच त्यात करायची आणि लॅबच्या डबीच्या झाकणाला असलेल्या चमच्याने थोडीशी उचलायची. पाणी किंवा लघवी मिसळू द्यायची नाही. शक्यतो सकाळची पहिली शौच घ्यावी आणि तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करावी. दोन लॅबचे किट वेगळे असले तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

कॅल्प्रोटेक्टिनचा आकडा फुगवणारी एक गोष्ट घरोघरी असते, दुखण्यावरच्या गोळ्या. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, तर पाळीत पोट दुखलं की मुली सर्रास घेतात त्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक अॅसिड. दोन्ही आतड्याच्या अस्तराला झोंबतात, क्वचित आजार उसळवतातही. ताप किंवा डोकेदुखी असेल तर साधी पॅरासिटामॉल घ्यावी. पाळीसाठी गरम पाण्याची पिशवी घ्यावी, आणि तेवढ्याने भागत नसेल तर आपल्याच डॉक्टरांना विचारावं. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी नको.

अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्तीला आवरणारी गोळी) सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने काहीच फरक दिसत नाही. ते औषध मुळातच संथ आहे. तोवर किल्ला लढवतात प्रेडनिसोलोनसारखी सूज झटपट उतरवणारी स्टेरॉइड, आणि श्रेय तेच घेऊन जातात. चेहरा गोल झाला, मुरुमं आली म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे डोस ठरल्याप्रमाणे आठवड्या-आठवड्याने उतरवावा लागतो. अॅझाथायोप्रिनबाबत भारतीयांनी एक गोष्ट जास्तच लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे काहींच्या एनयूडीटी१५ या जनुकात असा फरक असतो की नेहमीचा डोससुद्धा रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला झेपत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत विंचरताना केसांचे पुंजके हातात आले तर शाम्पूला दोष देत बसू नका. डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या.

आतड्याचा टीबी आणि क्रोन्स या दोघांचीही आवडती जागा एकच, लहान आतड्याचा शेवट. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांचे सुरुवातीचे महिने टीबीच्या गोळ्यांत जातात. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब ही सूज रोखणारी इंजेक्शनं देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी होते तीही याचसाठी, लपलेला टीबी या औषधांनी उसळू शकतो. अडालिमुमॅबची इंजेक्शनं फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावीत. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी वापरायचं नाही. दिवाळीत एसटीने गावी जाताना बर्फाची पिशवी आणि इंजेक्शनचं खोकं यांच्या मध्ये टॉवेलची घडी घालावी.

स्टेरॉइड टाळून सूज उतरवायचा एक रस्ता आहे, पण मन घट्ट करावं लागतं. सहा ते आठ आठवडे बाकी जेवण बंद आणि फक्त डॉक्टरांनी ठरवलेलं पोषक दूध, बहुतेकदा दिवसाला दोन लिटरच्या आसपास. पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. भूक असते, चव नकोशी होते आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत असतो. थंडगार करून, झाकणाच्या बाटलीतून स्ट्रॉने प्यायलं तर वास कमी येतो. या काळात घरातल्यांनी ‘एक घास खाल्ल्याने काय होतंय’ म्हणू नये. घासाघासाने सगळा उपचार फुकट जातो.

एरवी डब्यावर सरसकट बंदी नसते. आतडं अरुंद झाल्याचं स्कॅनमध्ये दिसलं असेल तर मात्र शेंगदाणे, मक्याचं कणीस, पेरूच्या बिया, शेवगा, संत्र्याच्या फोडीची साल हे सगळं बंद. उपासाच्या साबुदाण्यातही दाण्याचं कूट असतं, ते हमखास विसरलं जातं.

शौचाच्या जागेजवळ गाठ, पू किंवा बसताना ठणका असला की घरी ‘मूळव्याध’ म्हणून मलम येतं. चौदा-पंधराव्या वर्षी मूळव्याध फार क्वचित होते, आणि क्रोन्स असेल तर ते गळू किंवा भगंदर असण्याची शक्यता जास्त. सोबत ताप असेल तर उद्यावर ढकलू नये.

पोट फुगलं, वारा सरत नाही, उलटी हिरवी झाली, तर इनो, एरंडेल काही देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हटलं तर गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायची शक्यता असते. पहिलं वाक्य पाठच करून ठेवावं, आणि ते आईने नव्हे, पेशंटने म्हणावं: ‘मला क्रोन्स आहे, आतडं अरुंद आहे, प्रेडनिसोलोन इतकं मिलिग्रॅम चालू आहे, शेवटची गोळी सकाळी घेतली.’