पणजीचे नाव

आज आत्यासोबत सोलापूरच्या सेटलमेंट भागात, म्हणजे इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे कुंपणात ठेवले जाई त्या वस्तीच्या जागी, गेलो होतो. ज्या तारेच्या कुंपणाआड माझ्या आजोबांना लहानपणी आईवडिलांपासून तोडून वसतिगृहात ठेवले होते, त्याचा आता मागमूसही उरलेला नाही. आत्याने मात्र एका वळणावर थांबून, "हजेरी इथं व्हायची," असे तिच्या वडिलांकडून ऐकलेले सांगितले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाचा जन्मच गुन्हा ठरवला आणि १९११ च्या कायद्याने मुलांना पालकांपासून वेगळे करून शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला, हे मी वाचले होते. पण पणजीला पोटच्या मुलाला भेटण्यासाठीही परवानगीची चिठ्ठी लागत असे, हे आज प्रथमच ऐकले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला, तेव्हा आजोबा गिरणीत बदली कामगार होते आणि त्यांची आई त्यांना पुन्हा भेटली नव्हती. आमचे आडनावसुद्धा वसतिगृहातल्या मास्तरांनी लिहिलेले आहे (जातीच्या दाखल्यासाठी मी त्याचेच पुरावे जमवत फिरलो!). परतताना रिक्षात आत्याने पणजीचे नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.